तेल पाजलेला पट्टा

मोशीत मला अजून राणीसाहेब म्हणतात. वय सत्याहत्तर, पोट शर्टाच्या चौथ्या बटणाशी भांडणारं, कानांतून केसांचे झुबके, तरी बसमधून उतरलो की पानाच्या टपरीवरून हाक येते, "राणीसाहेब, आज स्वारी कुनीकडं?" मीही निर्लज्जपणे मान किंचित तिरकी करतो आणि नसलेला पदर सावरतो.

जत्रांमध्ये वगनाट्य करणारं आमचं एक कलापथक होतं. पथकात बाईमाणूस नव्हतं, म्हणून बाई मी. बारा वर्षं राणी, राजकन्या, एका खेळात तर दोन्ही जुळ्या बहिणी. पुढे पोट सुटलं तेव्हा मला प्रधान केलं, आणखी सुटलं तेव्हा सावकार, आणि शेवटी नुसतं तिकीट फाडायला बसवलं. तेही मी अभिनयासकट फाडत असे.

पण हे लिहायला बसलोय ते दत्तोबावर. मी मधे मधे येईन. पुढे येऊन उभं राहायची सवय अजून गेलेली नाही.

थेरगावात डांगे चौकाजवळ आमचं घर. इमारतीच्या खालीच तीन सलून आहेत, तरी दाढीसाठी मी दोन बस बदलून मोशीला जातो. माझी बायको यशोदाबाई शेजारणींना सांगते, "आमच्या ह्यांचा गाल राजघराण्यातला आहे, त्याला थेरगावचं पाणी सोसत नाही." मी ऐकलं न ऐकलं करतो, कारण खरं कारण तिला माहीत आहे. पन्नास वर्षांत माझ्या गालाला दत्तोबाखेरीज कोणी वस्तरा लावलेला नाही.

त्याची माझी पहिली भेट मोशीच्या जत्रेत झाली. आमच्या पथकाचा न्हावी आजारी पडला होता, संध्याकाळी खेळ, आणि राणीच्या गालावर दोन दिवसांचे खुंट. पावडर कितीही थापा, खुंट असले की गालाला निळसर झाक येते आणि राणी पहिलवानासारखी दिसते. गावातून एक शिडशिडीत तरुण आला. खांद्याला धोकटी, म्हणजे न्हाव्याची हत्यारांची चामडी पिशवी. माझ्याकडे पाहून त्यानं नमस्कार केला नाही, कौतुक केलं नाही, नुसतं म्हणाला, "तोंड बंद ठिवा. आन् हसू नगा."

मला तोंड बंद ठेवा असं सांगणारा तो पहिला माणूस. मी त्याचं ऐकलं नाही, पण त्यानं कुठे लागूही दिलं नाही. खेळ संपल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून आली, माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "कुनाची गं लेक तू?" मी बाईच्या आवाजात गावाचं नाव सांगून मोकळा झालो. ती हनुवटी दत्तोबाची होती. टाळ्या मात्र मी घेतल्या, आणि त्या परत करायचं कधी सुचलं नाही.

दत्तोबाचं घराणं मोशीचं. वडील घरोघर जाऊन दाढ्या करत आणि सुगीला धान्य घेत. दत्तोबाच्या हाती वस्तरा आला तोवर निम्मं गाव कंपनीत गेलं होतं. मग तोही कंपनीकडे गेला, आत नाही, दाराशी. सकाळी साडेपाचला गेटसमोर पेटी मांडायची आणि पहिल्या शिफ्टच्या लोकांची भोंगा व्हायच्या आत दाढी करायची. "सात मिंटात येक गाल न्हाई, दोनी गाल," असं तो सांगे. ह्याच दिवसांत एका फिटरनं त्याला तो पट्टा दिला. जुन्या यंत्रांना फिरवणारे सपाट चामडी पट्टे असत. त्यातला एक बाद झाला, त्याचा हातभर तुकडा. दत्तोबानं एका टोकाला कडी शिवली, दुसऱ्याला मूठ, आणि पुढची बेचाळीस वर्षं त्याच पट्ट्यावर वस्तरा फिरवला.

वस्तऱ्याचं शहाणपण मला दत्तोबानंच सांगितलं, तेही मी चार वेळा विचारल्यावर. धार येते दगडावर, पण दगडावरून उतरलेली धार गालाला चालत नाही, ती ओरबाडते. तिला शेवटचा हात पट्टा देतो. कडी खुंटीला अडकवायची, डाव्या हातानं पट्टा ताणून धरायचा, आणि पात्याची पाठ पुढे, धार मागे अशी सपाट ओढायची. टोकाला आलं की पाठीवर उलटवायचं आणि परत. फट् फट् असा आवाज येतो. मला त्या कामात फक्त तो आवाज कळला. मी खुर्चीत डोळे मिटून म्हणत असे, "वा दत्तोबा, काय लय आहे!" तो म्हणे, "मान वर करा."

पेटीनंतर टपरी, टपरीनंतर दुकान. शेतं होती तिथे सोसायट्या आल्या आणि त्यातल्या एकीच्या खाली आता दत्तोबाच्या मुलाचं, गोरक्षचं, सलून आहे. काचेचं दार, एसी, फिरत्या खुर्च्या, दर गिऱ्हाइकाला नवं पातं. गोरक्ष गुणी आहे. त्यानं बापासाठी खिडकीजवळ जुनी लाकडी खुर्ची ठेवली होती. तिथे आम्ही तीन-चार म्हातारी गिऱ्हाइकं. प्रत्येकाचा वस्तरा वेगळा, डबीवर नाव चिकटवलेलं. ही अट गोरक्षची. माझ्या डबीवर अर्थातच 'राणीसाहेब' लिहिलं आहे.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला जीभ अडखळते, पण लिहिताना तेवढं कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी दत्तोबा वस्तरे, कात्र्या, दगड, पट्टा सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडतो आणि पूजा करतो. मला एकाएकी प्रेमाचा उमाळा आला. असे उमाळे मला येतात आणि दर वेळी कोणाचं तरी नुकसान होतं. पट्टा मला कोरडा, काळवंडलेला, ताठ वाटला. मी म्हणालो, "दत्तोबा, ह्या पट्ट्यानं तुझी इतकी सेवा केली. यंदा त्याची सेवा मी करतो. चार दिवस माझ्या घरी राहू दे."

"काय करनार तेचं?"

"ते माझ्यावर सोड. आमच्या पथकातले सगळे कमरपट्टे आणि मोजड्या मीच सांभाळायचो."

हे खरं होतं. फक्त कमरपट्ट्यावर कोणी वस्तरा फिरवत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

घरी नेऊन मी पट्टा एरंडेलात बुडवला. दोन दिवस. मग गॅलरीत उन्हात ठेवला. मग यशोदाबाईंचं लाटणं घेऊन त्याच्यावर फिरवलं. पट्टा इतका मऊ झाला की बोटाला गुंडाळला तर तसाच राहायचा. "मखमल!" मी ओरडलो.

यशोदाबाई म्हणाल्या, "ते लाटणं आता तुमच्याजवळच ठेवा. आणि दुसऱ्याच्या वस्तूंचं कौतुक लांबून करायला शिका."

खंडेनवमीला झेंडूच्या माळेसकट मी पट्टा परत केला. दत्तोबानं तो हातात घेतला, वाकवला आणि क्षणभर थांबला. "लई मऊ झालाय की."

"मग! केला कोणी?"

त्यानं पट्टा पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. तो क्षणभर का थांबला होता हे मला तेव्हा कळलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी तेव्हा पेढा खात होतो.

दिवाळीनंतर दत्तोबाच्या हातून लागायला लागलं. आधी सोनबाला. सोनबा म्हणजे गाडाशर्यतीचे बैल पाळणारा मोशीचा जुना शौकीन. त्याच्या गालावर दोन ओरखडे. तो हसून म्हणाला, "आमचा बैल बी असं नख लावत न्हाई राव." मग माझ्या हनुवटीखाली. मी घरी येऊन यशोदाबाईंना सांगितलं, "दत्तोबा थकला हो." सांगताना माझा आवाज भरून आला होता, इतका मी मुरलेला नट आहे. मग एका नव्या गिऱ्हाइकानं हौसेनं वस्तऱ्याची दाढी मागितली, त्याला कानाजवळ चांगलंच कापलं. त्यानं फोटो काढून फोनवर दुकानाला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'म्हाताऱ्यांना घरी बसवा.'

गोरक्षनं बापाला तो शेरा दाखवला नाही, पण दत्तोबाला कोणीतरी वाचून दाखवलाच. त्या संध्याकाळी त्यानं वस्तरे पुसले, डब्या बंद केल्या, धोकटी घरात नेऊन खुंटीला टांगली. गोरक्षला एवढंच म्हणाला, "हात गेला."

आठवड्यानं दत्तोबाच्या बायकोचा, तानाबाईंचा, मला फोन आला. "राणीसाहेब, तुमी येवा. हे दुकानाफुडं खुर्ची टाकून बसत्यात आन् बसगाड्या मोजत्यात. जेवाय बसलं की हाताकडं बगत्यात. मी रोज तेल लावून मनगट चोळतीया, काय फरक न्हाई. वस्तरा सुटल्यापासून मानूस निम्मं झालंय."

मी गेलो. दत्तोबा खरंच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर उताणा. मी शेजारी बसलो. तो म्हणाला, "बेचाळीस साल ह्यो पट्टा, त्येच्यात खोट निघायची न्हाई. म्हंजी खोट हातात." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून मान हलवली. काही शंका आली का मला? खोटं बोलणार नाही: आली नाही. मला आली ती कल्पना. माझ्या शंका उशिरा येतात, कल्पना लगेच.

कल्पना अशी की दत्तोबाचा सत्कार करायचा. निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, फुलांचा हार, आणि तो पट्टा काचेच्या चौकटीत बसवून त्याला भेट. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा दुकानासमोरच मांडव. मी फ्लेक्स छापायला टाकला. दत्तोबाचा फोटो मोठा, माझा जरा लहान, आणि वर 'पन्नास वर्षांच्या अखंड सेवेनंतर निरोप समारंभ'. गोरक्षला कल्पना पटली नव्हती. तो म्हणाला, "काका, आण्णांना निरोप नकोय. काम पायजे. पण मी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर रिस्क नाही घेऊ शकत." मी म्हणालो, "गोरक्ष, कलावंताला टाळी लागते." त्यानं मला चहा पाजला आणि वाद मिटवला.

तानाबाईंकडून गुपचूप मागून आणलेला पट्टा चौकटीत घालण्याआधी त्याला कड शिवून जरा चकाकी आणावी म्हणून मी चांगला चामड्याचा कारागीर शोधू लागलो. सोनबानं नाव दिलं, चाकणचे भिमाजी. शर्यतीच्या बैलांचे गळपट्टे तेच शिवतात. मूळचे बार्शीकडचे, तीस वर्षं चाकणला. बाजारपेठेच्या मागे दुकान, दुकानात कातड्यांच्या गुंडाळ्या आणि बाभळीच्या सालीचा उग्र वास.

मी पट्टा त्यांच्यापुढे ठेवला आणि दत्तोबाच्या सेवेवर भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्यातच भिमाजींनी पट्टा उचलला. वाकवला. नाकाशी नेला. दोन्ही टोकं धरून मधे अंगठा दाबला. पट्ट्यात झोळ पडला, पाळण्याच्या कापडासारखा.

"ह्याला तेल कुणी पाजलं?"

मी भाषणातच होतो. "...कारण कातडं हे माणसासारखंच..."

"अहो मामा, तेल कुणी पाजलं म्हणतो मी. चांगलं पाठीचं कातडं होतं हे, सालीत कमावलेलं. बोर्डासारखं सरळ राहिलं असतं अजून वीस वर्षं. कुठल्या शहाण्यानं ह्याची शेवई केली?"

शहाणा गप्प बसला. भिमाजींनी माझ्याकडे वर पाहिलं, आणि त्यांना उत्तर मिळालं.

मग त्यांनी मला जे समजावलं ते एखाद्या अडाणी पाहुण्याला समजवावं तसं. कातडं मऊ झालं, ताणलं तरी खाली झुकतं. पातं त्यावरून ओढलं की कातडं धारेच्या दोन्ही बाजूंनी वर चढतं आणि धार गोल करतं. रोज थोडी थोडी. गोल धार कापत नाही, घासते. मग हात जास्त दाबतो. दाबला की लागतं.

"म्हणजे हात वाईट नाही?" मी विचारलं.

"हात मी बघितला नाही. पट्टा बघतोय. ह्या पट्ट्यावर माझ्या आज्ज्याचा हात फिरला असता तरी रगत निघालं असतं."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. आयुष्यात मी रंगमंचावर पाच वेळा विष पाजलंय आणि तीन वेळा प्यालोय. दर वेळी पडदा पडला की उठलो. एरंडेल पाजून माणूस घरी बसवल्याचा प्रवेश मला कोणी शिकवला नव्हता.

"नवा करून द्या," मी म्हणालो. "सगळ्यात चांगला."

भिमाजींनी चार तुकडे काढले. मी लगेच प्रत्येक तुकडा टेबलाच्या कडेवर आपटून आवाज ऐकला. एक पातळ, चकचकीत, तपकिरी तुकडा असा कडाडला की बाहेरचं कुत्रं उठून बसलं. "हा!" मी म्हणालो.

"तमाशा काढायचाय का दाढी करायचीय?" भिमाजी म्हणाले. त्यांनी तुकडे टेबलाच्या कडेवरून वीतभर बाहेर सोडून ठेवले. माझा कडाडणारा तुकडा हळूहळू खाली वाकला. "हे पोटाचं कातडं. आवाज आहे, दम नाही. आज ताणा, उद्या लांब होतं." दुसरा नुसता फळीसारखा राहिला. "हे फार ताठ. पातं ह्याच्यावर टणटण उडतं, धारेला कुठंच बसू देत नाही. चपलेच्या तळव्याला चांगलं." मग दोन राहिले. दोन्ही पाठीचे, दोन्ही सालीत कमावलेले. एक, रुपयाच्या दीड नाण्याएवढा जाड, दुसरा पुरत्या दोन नाण्यांचा. दोन्ही टोकाला किंचित झुकले आणि थांबले.

"ह्यातला कोणता?"

"ते मला कसं कळणार? ज्याचा हात, त्याला. हात जोरानं ताणत असेल तर पातळ पुरतो, त्याच्यावर धार जास्त बारीक लागते. ताण कमी पडत असेल तर जाडजूड बरा, तो आपला आपण सरळ राहतो. दोन्ही न्या. ज्यो लागणार नाही त्यो परत आणा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मामा, तेल नका लावू. तळहात फिरवला की झालं. माणसाच्या हाताला लागतं तेवढंच तेल त्याला पुरे."

मी पाकीट काढता काढता तो कडाडणारा तुकडाही विकत घेतला. लोभ सुटला नाही.

रविवारचा सगळा दिवस मी आरशासमोर कबुलीजबाबाची तालीम केली. आधी 'मित्रांनो, आज एका गुन्हेगाराला...' असं सुरू केलं. मग ते बदलून करुण केलं. मग मधे एक हुंदका घातला, काढला, परत घातला. यशोदाबाई भाजी निवडत ऐकत होत्या.

"पट्टा मी तेलात बुडवला, तुझा हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "एवढं म्हणा आणि खाली बसा."

"एवढ्यात लोकांना काय कळणार?"

"लोकांना कळायची गरज काय? ज्याला कळायचं त्याला कळेल."

"पण समारंभ..."

"तुम्ही फ्लेक्सवर तुमचा फोटो कशाला घातलात?" म्हणून त्या आत गेल्या.

सोमवारी सकाळी दहाला मांडवात तीसेक माणसं. खुर्च्या, पोह्याचं पातेलं, लाउडस्पीकर. दत्तोबा मधल्या खुर्चीत, अंगावर नवी शाल, गळ्यात हार, नजर पायांकडे. सत्कार घेणारा माणूस इतका दुःखी मी पाहिला नव्हता. माझ्याच लक्षात आलं नव्हतं की मी त्याला त्याच्या कामाच्या तेराव्याला बोलावलंय.

मी माइक घेतला. आणि माझं जे होतं तेच झालं. पन्नास वर्षांपूर्वीची जत्रा आली, ती म्हातारी आली, जुळ्या बहिणी आल्या. सोनबा मागून ओरडला, "राणीसाहेब, पोहे गार व्हतायत!" लोक हसले. दत्तोबा हसला नाही. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला मला दिसला आणि पुढचं वाक्य आठवेना. तालमीतलं एकही. हुंदकासुद्धा आला नाही.

मी म्हणालो, "दत्तोबा, पट्टा मी दोन दिवस एरंडेलात बुडवला होता. पट्टा बिघडला. तुझा हात चांगला आहे."

आणि खाली बसलो.

दत्तोबानं मान वर केली. "काय म्हनला?"

"एरंडेलात. खंडेनवमीला."

"दोन दिस?"

"दोन. मग ऊन. मग लाटणं."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. हात उलटसुलट करून पाहिला, जणू कोणी परत आणून दिलाय. "म्हंजी हात न्हाई?"

"नाही."

"आन् मी येड्यावानी हाताला दोष देत बसलो," तो म्हणाला. तानाबाई पहिल्या रांगेतून उठल्या. "आन् मी म्हैनाभर ह्यांच्या मनगटाला त्योच एरंडेल चोळतीया!" त्यावर मात्र सगळा मांडव हसला, आणि त्यात दत्तोबाचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

मला शिव्या मिळतील अशी मी वाट पाहत होतो. शिव्या घेताना चेहरा कसा ठेवायचा तेही ठरवलं होतं. दत्तोबानं मला तेवढाही प्रवेश दिला नाही. तो म्हणाला, "पट्टा आनलाय का दुसरा?"

मी पिशवीतून तिन्ही तुकडे काढले. कडाडणारा वर होता, तो मी लगबगीनं मागे घेतला, पण त्यानं तोच आधी मागितला. एकदा झटकला. "ह्यो बोलतो लई," म्हणून माझ्या मांडीवर परत ठेवला. उरलेल्या दोन्हींना भिमाजींनी कडी लावून दिली होती. गोरक्षनं दुकानाचं शटर उघडलं. दत्तोबानं हार काढून तानाबाईंकडे दिला, शाल खुर्चीवर टाकली, आणि पातळ पट्टा आतल्या खुंटीला अडकवून डाव्या हातानं ओढला. धरून राहिला. पट्टा हळूच मधे झुकला. त्यानं पुन्हा ओढला. पुन्हा झुकला.

मग जाड लावला. तो न झुकता राहिला. दत्तोबानं त्याच्यावरून तळहात फिरवला.

"ह्यो घेतो," तो म्हणाला, आणि गोरक्षकडे न बघता पुढे म्हणाला, "डावा हात पैल्यावानी ताणत न्हाई. ते खरंच हाय. नुसतं ह्यांच्या तेलानंच झालं असं न्हाई."

मला एवढी सूट द्यायची त्याला काय गरज होती, मला अजून कळलेलं नाही.

धोकटी घरून आली. माझ्या नावाची डबी उघडली. दगड भिजवून त्यानं वस्तरा आधी दगडावर घेतला, कारण धार पार गोल झाली होती. तेवढ्या वेळात लोकांनी पोहे संपवले. मग पट्टा. आवाज पूर्वीसारखा फट् फट् नव्हता. जाड, दबका, सुस्त होता. त्यानं मनगटावरचे चार केस उडवून पाहिले, आणि म्हणाला, "बसा."

"मी?"

"मग काय फ्लेक्सवाल्याची करू दाढी? बसा. तोंड बंद ठिवा. आन् हसू नगा."

गोरक्ष जवळ येऊन उभा राहिला, हातात तुरटीचा खडा. काचेच्या बाहेर तीस चेहरे. माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढं जवळून कोणी पाहिलं नव्हतं आणि मला एकही वाक्य नव्हतं. सोनबा काचेतून ओरडला, "राणीसाहेब गप बसल्यात, फोटू काढा रे!" ओठ आतून चावला. नाकावर माशी बसली, तिला बसू दिलं. गळ्यावर पातं आलं तेव्हा दत्तोबाचा श्वास थांबला, माझाही थांबला, आणि पातं वर गेलं.

गोरक्षनं ओल्या टॉवेलनं माझा चेहरा पुसला, हनुवटी धरून ट्यूबलाइटकडे वळवली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तुरटीचा खडा कोरडाच परत डबीत ठेवला. मागच्या खोलीत जाऊन ती लाकडी खुर्ची ओढत आणली आणि खिडकीजवळ मांडली.

"गुरुवार आणि रविवार, आण्णा," तो म्हणाला. "फक्त ह्या डब्यांवाल्यांचं. नवीन गिऱ्हाईक नाही."

"नवीन मला बी नगं," दत्तोबा म्हणाला. "येवढी जुनीच लई बोलत्यात."

फ्लेक्स सोनबानं नेला. त्याच्या गोठ्याबाहेर बैलांच्या वैरणीवर तो अजून टाकलेला आहे, दत्तोबाच्या आणि माझ्या चेहऱ्यांची बाजू आभाळाकडे. पावसात आम्ही दोघंही बऱ्यापैकी टिकलो आहोत. पातळ पट्टा भिमाजींनी परत घेतला. कडाडणारा तुकडा माझ्याकडे आहे. कधीमधी गॅलरीत उभा राहून मी तो झटकतो. आवाज छान येतो. यशोदाबाई आतून विचारतात, "कोणाची वस्तू आहे?" मी म्हणतो, "माझीच." मग त्या परत भाजी निवडायला लागतात.

यंदाच्या खंडेनवमीला मी मोशीला गेलो. पाटावर हत्यारं मांडली होती, मधे नवा पट्टा. एव्हाना त्याच्यावर हाताच्या तळव्यानं आलेली साधी, मंद चकाकी होती. मी झेंडूचं फूल घेऊन पुढे वाकलो. तानाबाई पाटाशेजारीच बसल्या होत्या. त्यांनी पट्ट्याच्या कडीवर हात ठेवला, आणि पूजा संपेपर्यंत काढला नाही.

दत्तोबा म्हणाला, "फूल वाहा, राणीसाहेब. लांबनं."

मी लांबून वाहिलं. ते धारेच्या दगडावर पडलं.